काळकाईला विचारायचं नाही

आमच्या टेपवाडीत काळकाईला सगळं विचारतात. म्हैस विकू का, सून आणू का, गोठ्याचं दार उगवतीला काढू का. तळीयेला डोंगर खाली आला त्या वर्षी सरकारी माणसं आमच्याकडेही चढून आली आणि म्हणाली, पावसाळ्यापुरते तरी खाली कापड्याला राहायला चला. तेव्हाही गावकीनं देवीलाच विचारलं. देवी म्हणाली, हलू नका. नशीब आमचं, डोंगरालाही ते ऐकू गेलं असावं.

विचारायची रीत अशी. देवळात काळकाई म्हणजे शेंदूर लावलेला उभा दगड आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या बोटानं एकेक तांदूळ चिकटवायचा आणि गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवीकडचा दाणा आधी पडला तर देवीचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. याला कौल लावणं म्हणतात. कौल लावायचा मान नाथूआजाच्या घराण्याचा. गावकीतले बापये पुढे बसतात, बायका त्यांच्या मागे आणि आम्ही मुली दाराशी, चपलांच्या शेजारी. प्रश्न मात्र बऱ्याचदा आमच्याबद्दलचाच असतो.

मी सेजल. महाडला मुलींच्या वसतिगृहात राहते, अकरावी सायन्सला आहे. आई म्हणते, जन्मल्यावर मला मधाऐवजी चुकून मिरची चाटवली असणार. असेल. पण पुढे जे सांगणार आहे ते तोंडात साखर धरून सांगता येण्यासारखं नाही.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर ऋतिका झोपायची. आमच्याच वाडीतली, भागूकाकीची थोरली. पहिलीपासून आम्ही एका बाकावर. तिला नर्स व्हायचं होतं आणि मला काय व्हायचंय ते अजून ठरायचं होतं, त्यामुळे ती मला रोज एक नवा धंदा सुचवायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी घरी आलो. पाडव्याच्या दिवशी दुपारी तिला ताप भरला. डोकं असं दुखत होतं की उजेड डोळ्यांना सहन होईना. दोनदा उलटी झाली. मी तिच्याजवळ बसले होते. ती म्हणाली, "सेजल, माजी मान वाकत नाय गो." दिवस कलता कलता तिच्या पायांवर जांभळे डाग उठले, करवंदं चिरडल्यासारखे. मी उठून ओरडले, हिला आत्ताच्या आत्ता खाली न्या.

आमच्या वाडीला रस्ता नाही. आजारी माणसाला डोलीतून न्यावं लागतं. एका लांब बांबूला घोंगडी बांधायची, माणसाला त्यात निजवायचं आणि दोघांनी पुढून, दोघांनी मागून बांबू खांद्यावर घेऊन पायवाटेनं कापड्यापर्यंत उतरायचं. तिथं जीप मिळते. बांबू होता, घोंगडी होती, भाऊबिजेसाठी मुंबईहून आलेले धडधाकट बापये तर अंगणाअंगणात बसले होते. पण गावकीचे अध्यक्ष मालोजीकाका म्हणाले, "दिस बुडतीला आलाय. अशा वक्ताला पोर उचलायची तर देवीला इचारल्याबिगर नाय उचलायची."

विचारलं. डावा पडला.

मग सकाळी उजाडल्यावर डोली निघाली. पोलादपूर मागे पडलं आणि महाड यायच्या आत जीपमध्ये भागूकाकीच्या मांडीवर ऋतिका गेली. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूज्वर. मेंदूच्या आवरणाला सूज येते, जंतू रक्तात पसरतात, एका दिवसात माणूस जातो. मग ते भागूकाकीला म्हणाले, "काल दुपारीच आणली असती तर..." आणि तिथंच थांबले. डॉक्टरांनी एक तर असं वाक्य सुरू करू नये, नाही तर पुरं करावं. अर्धं वाक्य घेऊन ती बाई डोंगर चढून परत आली.

त्याच आठवड्यात आमच्या खोलीतली तिसरी मुलगीही आजारी पडली. ती खालच्या गावातली. तिच्या बापानं तिला कसलाही विचार न करता मोटारसायकलवर मधे बसवलं, मागे तिची आई बसली आणि तडक दवाखाना गाठला. ती जगली. तिच्या एका कानाचं ऐकणं गेलं, पण जगली.

ऋतिकाची राख निवायच्या आत सरकारी दवाखान्याची माणसं चढून आली. तिच्याजवळ राहिलेल्या सगळ्यांना त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्या सगळ्यांनी मुकाट गिळल्या, कारण गोळीला आमच्याकडे कुणी घाबरत नाही. मग त्यांच्यातल्या डॉक्टरीणबाई अंगणात बसून बोलल्या. हा जंतू नाकाघशात राहतो. एका खोलीत दाटीनं झोपणारी, एका बाटलीला तोंड लावून पाणी पिणारी तुमच्या पोरांच्या वयाची मुलं त्याला लवकर सापडतात. गोळ्यांनी आत्तापुरतं भागेल, पुढचं नाही. पुढच्यासाठी लस आहे. ही लस नेहमीच्या सरकारी लसींत नसते, वसतिगृहासाठी आणि तुमच्या वाडीसाठी खास मागवली आहे. सोमवारी कापड्याच्या उपकेंद्रात अकरा ते अठरा वयाच्या सगळ्या पोरापोरींना घेऊन या. आईबापापैकी एकानं सोबत यायचं, त्यांच्या संमतीशिवाय आम्ही टोचणार नाही. आणि लस घेतल्याशिवाय वसतिगृहात परत घेणार नाहीत.

मला वाटलं, झालं. एवढं घडल्यावर आता कोण कशाला आडवं येईल? बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण निदान झोपा तरी करतील. माझी अक्कलच कमी.

शुक्रवारी गावकी बसली. वाडीची अर्धी माणसं मुंबईला, त्यामुळे त्यांचं तिकडे एक मंडळ आहे आणि मंडळाला विचारल्याशिवाय इथं पान हलत नाही. मालोजीकाकांनी मंडळाच्या दीपककाकांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन तांब्याला टेकवून ठेवला. दीपककाकांनी आधीच सगळ्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात कुणीतरी पांढरा कोट घातलेला माणूस हिंदीत सांगत होता की या सुईनं मुलींना पुढे मूल होत नाही.

"सेफ नाय हाय ते," फोनमधून दीपककाका बोलले. "इकडं सगळे बोलतात. लेडीज लोकांना प्रॉब्लेम होतो. पोरी लग्नाच्या हायत, रिस्क कशाला घ्यायचा?"

मी दारातून विचारलं, "दीपककाका, तुमच्या पोरांना मुंबईत सगळ्या लसी टोचल्यात की नाही?"

फोन कट झाला. आमच्या वाडीत रेंज नेमकी अशाच वेळी जाते.

मालोजीकाकांनी माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नाही तो. आमची गाय दरीत पडली तेव्हा दोर लावून पहिला तोच उतरला होता. पण त्यांचं डोकं एकाच वाटेनं चालतं, आणि ती वाट देवळात जाते. ते म्हणाले, "आवडे, तुजी पोर लय बोलते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मंडळ एक सांगतंय, दवाखाना एक सांगतोय. आपण कुनाचंच नको ऐकाया. रविवारी देवीला इचारू. व्हय म्हणली तर सगळी जाव. नाय म्हणली तर वाडीतून कोन खाली जायचं नाय, आन पोरींचं ते वसतिगृह पण बास झालं."

आवडी म्हणजे माझी आई. ती मान खाली घालून बसली होती. 

"आये, सोमवारी तू येणार ना माझ्याबरोबर?" घरी आल्यावर मी विचारलं.

"देवी काय म्हणते ते बगू."

"आणि नाही म्हणाली तर?"

"तर नाय."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. भांडी आपटली हे खरं. मग आईच माझ्यावर ओरडली, आणि ती सहसा ओरडत नाही. "तुला वाटतं मला तुजी काळजी नाय? ऋतिकाला मी माज्या हातानं न्हाऊ घातलं गो, शेवटचं. तिच्या जागी तूच दिसत व्हतीस मला. पन उद्या गावकीनं वाळीत टाकलं तर? तुजा बाप मुंबईला. भात उभं हाय खाचरात. सावड बंद झाली तर मी एकली कापू का झोडू?"

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. आमचं सगळं त्यावरच चालतं. आईचं चुकत नव्हतं. आईचं चुकत नव्हतं म्हणूनच मला जास्त राग येत होता. चुकणाऱ्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

बाबांना फोन लावला. ते घाटकोपरला टेम्पो चालवतात. ते म्हणाले, "मंडळ काय म्हणतंय तसं करा. मला इकडं त्यांच्यातच राहायचं हाय, बाय." त्यांचाही आवाज पडलेला होता.

शनिवारी मी झऱ्यावर पाण्याला गेले तर नाथूआजा तिथं देवीची समई आणि तांब्या चिंचेनं घासत बसला होता. हा आजा माझा सख्खा नाही, पण लहानपणी त्याच्या खांद्यावरून मी निम्मा डोंगर बघितला आहे. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला जवळ बोलावलं.

"बाय, तू उगा जिवाला तरास करून घेऊ नको. उद्या उजवाच पडंल."

"तुला कसं माहीत?"

त्यानं ओलं बोट माझ्यासमोर धरलं. "डावीकडचा दाना लावताना बोट जरा जास्त भिजवायचं, वर शेंदराला दाबून बसवायचा. उजव्याला नुसता हात लावायचा. वारा आला तरी पडतो." आणि तो हसला. दात नसलेलं, मायेचं हसू. "पोरांना सुई मिळंल, मालोजीचा मान राहील, देवळाचा पन राहील. साप बी मरंल आन काठी बी मोडायची नाय."

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला हायसंच वाटलं. हंडा खाली ठेवून मी त्याच्या पाया पडणार होते. आणि मग ते माझ्या मनात आलं.

"आजा, ऋतिकाच्या वेळी तू काय केलं होतंस?"

त्याचं हसू गेलं. "देवीची आन गो. तवा मी काय सुदीक केलं नाय. जसा पडला तसा पडला."

"म्हणजे दाणा कमी भिजला, म्हणून ती गेली?"

"असं बोलू नये."

"तू तेव्हा काही केलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तू काहीच केलं नाहीस हे जास्त वाईट आहे, आजा. चार माणसं उभी होती आणि सगळी तांदळाकडे बघत बसली."

तो समई घासतच राहिला. समई केव्हाच लख्ख झाली होती. मग म्हणाला, "तुजा राग खरा हाय. पन तुज्या रागापायी बाकीच्या पोरांची सुई जायला नको. गौतमीचा तरी इचार कर." गौतमी म्हणजे ऋतिकाची धाकटी बहीण, तेरा वर्षांची.

 हंडा डोक्यावर घेऊन मी घरी आले. त्याचं बरोबरच होतं. एक दाणा पडणार, सगळ्यांना लस मिळणार, कुणाचंही नाक कापलं जाणार नाही. तोंड तेवढं बंद ठेवायचं होतं. मी ठरवलं, ठेवीन.

रविवारी सकाळी देऊळ भरलं. भागूकाकी गौतमीला घेऊन बायकांच्यात खांबाला टेकून बसली होती. दिवाळीपासून ती कुणाशी बोलली नव्हती. मी दाराशी, चपलांच्या शेजारी. नाथूआजानं दोन्ही अंगांना दाणे लावले. डावा त्यानं चांगला दाबून बसवला, मला दिसलं. मालोजीकाकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "आये काळकाई, डोंगराची तू धनीन. लेकरं तुजी हायत. सुई टोचावी का टोचू नये, तुज्या मनात काय हाय ते दाकव."

 शंभर डोळे दोन दाण्यांवर.

उजवा हलला. जरासा खाली घसरला आणि थांबला. कुणीतरी "आला, आला" म्हणालं. माझ्या मनासारखं होत होतं. आणि तेव्हा मी भागूकाकीकडे बघितलं.

ती त्या दाण्याकडे बघत होती. तिचा चेहरा मला जन्मात विसरता यायचा नाही. ती मनात काय म्हणत होती ते मला इतकं स्पष्ट कळलं की जणू ती मोठ्यानं बोलली. आज देवी हो म्हणतेय. म्हणजे देवीला पोरांची कळकळ आहे. म्हणजे त्या दिवशी नाही म्हणाली तीही देवीच. म्हणजे माझीच पोर तिला नको होती.

आज उजवा पडला असता तर ऋतिकाचा डावाही खरा ठरला असता. कायमचा.

मी कधी उठले ते मला आठवत नाही. बायकांच्या मधून, बापयांच्या मधून मी सरळ गाभाऱ्यात गेले, जिथं आमच्यापैकी कुणी बाई कधी गेली नव्हती. काळकाईच्या अंगावरून मी तळहात फिरवला. दोन्ही दाणे पुसले. हाताला शेंदूर लागला.

देवळात एकच गिल्ला झाला. "बाटवली, बाटवली!" कुणीतरी माझा दंड धरून ओढला. मी खांब पकडला. माझा आवाज कापत नव्हता याचं मला आजही बरं वाटतं.

"काळकाईला विचारायचं नाही," मी म्हटलं. "म्हशीचं विचारा, दाराचं विचारा, माझं नाही. मी काय देवीच्या दारात बांधलेली शेळी आहे? लस माझ्या दंडात जाणार आहे, मला विचारा. मला हवी आहे. मला मरायचं नाही. ऋतिकालाही मरायचं नव्हतं. ती मला सांगत होती, मान वाकत नाही म्हणून. तिला कुणी विचारलं? तुम्ही दगडाला विचारत बसलात."

"दगड म्हणतेस?" मालोजीकाका उभे राहिले.

"देवी असेल तर तिला तांदळाचा दाणा पडायची वाट बघायला लागणार नाही. आणि आजचा कौल उजवाच पडणार होता, काका. मी बघितलं, तुम्हीही बघितलं. तरी मी पुसला. मला तुमचा होकारसुद्धा नको आहे. आज होकार देणारा उद्या नकार देणार."

नाथूआजानं तोंड फिरवून घेतलं. मीही त्याचं नाव घेतलं नाही.

मालोजीकाकांनी आधी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. आई पदर तोंडाला लावून बसली होती. त्यांनी हात वर केला तसं देऊळ शांत झालं. "ऐका सगळी. कौल मोडला. देवी कोपली तर ती या पोरीपायी. आता माजा शब्द ऐका. उद्या जो कोन पोराला घेऊन खाली जाईल तो गावकीच्या भाईर. त्याच्या सावडीला कोन जायचं नाय. त्याच्या चुलीला कोन इस्तू द्यायचा नाय. आन त्याच्या घरात मयत झालं, तर खांद्याला कोन जायचं नाय."

आमच्याकडे यापुढे काही नसतं. माणूस एकटा जगू शकतो, पण एकटा स्मशानात जाऊ शकत नाही. बायकांनी माना खाली घातल्या. मी आईकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, संपलं. माझ्या तोंडानं मी सगळ्या पोरांची लस घालवली.

तेव्हा भागूकाकी उठली. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. इतके दिवस न वापरलेला तिचा आवाज घोगरा झाला होता.

"खांद्याला, भावजी?" ती म्हणाली. "माज्या ऋतिकाच्या तिरडीला अख्खी वाडी आलीवती. खांदा द्यायला रांग लागलीवती. तुमी सोता दिलात. आदल्या दिवशी तिच्या डोलीला चारच खांदे पायजे व्हते. ते कुटं व्हते?"

 पुढे बसलेल्या बापयांपैकी एकाचीही मान वर नव्हती.

"म्या पन कौलाकडं बगत बसले," भागूकाकी म्हणाली. "माजी पोर घोंगडीवर तडफडत व्हती आन म्या देवीला हात जोडून बसले. आता नाय बसायची. माज्या मढ्याला कोन येऊ नका. कोल्ह्यांनी खाल्लं तरी चालंल. उद्या गौतमीला मी घेऊन जानार." तिनं गौतमीचा हात धरला आणि ती देवळातून बाहेर पडली. जाताना तिनं देवीकडे वळून पाहिलं नाही आणि माझ्याकडेही नाही.

त्या दिवशी आईनं भाकऱ्या केल्या, मी खाल्ल्या नाहीत, तिनं आग्रह केला नाही.

सोमवारी सकाळी आईनं नेहमीसारखी कमरेला आकडी अडकवली आणि तिच्यात कोयती खोचली. म्हणजे ती खाचरात निघाली होती. मी तिच्या मागून चालले, कारण दुसरं काय करणार? मनात म्हणत होते, अठरा पूर्ण झाले की त्या दिवशी मी एकटी उतरेन, मग बघते. आंब्याच्या झाडापाशी वाट फुटते, एक खाचरांकडे आणि एक खाली कापड्याला. तिथं आई थांबली. खालच्या वाटेवर भागूकाकी आणि गौतमी पुढे गेलेल्या दिसत होत्या. त्यांच्या मागे आणखी दोन बायका पोरांना घेऊन भराभर उतरत होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. आपल्याला कुणी ओळखणार नाही असं त्यांना वाटत असावं.

आई माझ्याकडे वळली. "सेजल," ती म्हणाली, "जायाचं काय गो?"

माझ्या उभ्या जन्मात मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. 

उपकेंद्रात कोयतीसकट आलेल्या बाईला बघून नर्सबाई जरा दचकल्या. आईनं कोयती दाराबाहेर ठेवली आणि जिथं सांगितलं तिथं सही केली. लस म्हणजे मुंगी चावल्यासारखी, असं नर्सबाई म्हणाल्या. मुंगी नव्हे, चांगला मुंगळा होता. गौतमी रडली. भागूकाकीनं तिचा दंड चोळता चोळता विचारलं, "बाई, मला पन टोचता काय?" नर्सबाई म्हणाल्या, ही पोरांसाठी आहे, मावशी. "बरं," भागूकाकी म्हणाली आणि पुन्हा दंड चोळू लागली. त्या वयाची पोरं असलेली वाडीतली आणखी दोन घरं आली नाहीत. त्यांची पोरं वरच राहिली. त्यांचं मला अजून वाईट वाटतं, आणि मी काय करायला हवं होतं ते अजून कळत नाही.

लस घेतल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा आईचा फोन वाजला. बाबा होते. बातमी आमच्याआधी मुंबईला पोचली होती. आईला फोन कानाला लावून ऐकता येत नाही, ती स्पीकरवरच बोलते, त्यामुळे सगळ्या उपकेंद्राला ऐकू गेलं.

"टोचली काय?"

"टोचली."

"मंडळाचे चार फोन आले मला. कुनाला इचारून गेलीस?"

"पोरीला इचारलं," आई म्हणाली.

पलीकडून टेम्पोचं इंजिन चालू असल्याचं तेवढं ऐकू येत होतं. आई फोनकडे बघत राहिली, पण तिनं मान खाली घातली नाही. मग बाबांनी घसा साफ केला.

"लय दुखलं काय गो तिला?"

आईनं फोन माझ्यापुढे धरला. "तिलाच इचारा."